झेंडेवाल्या मास्तरांचे इंग्रजी

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. झेंडे शिवायच्या कारखान्यात कापड बेतणाऱ्या मुख्य कारागिराला मास्तर म्हणतात, ते हे मास्तर. कचेऱ्या, शाळा, बंदरातली जहाजे, सगळ्यांची निशाणे त्यांच्या कात्रीखालून गेलेली. लांब टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, पुठ्ठ्याचा साचा ठेवायचा, खडूने रेघ मारायची आणि कात्री चालवायची, की पट्ट्या पलीकडे मशीनवर बसलेल्या बायकांकडे. शिवून आलेला झेंडा पुन्हा त्यांच्याच हाताखाली. दांडीकडच्या बाजूला दोरी नीट ओवली आहे का, वाऱ्यावर फडफडणाऱ्या मोकळ्या कडेला जास्तीची शिवण पडली आहे का, हे ते न बघता नुसत्या बोटांनी सांगत. ती कड आधी विरते. माल परत येतो तो तिच्यापायीच.

बंदरावरून जहाजांचे परदेशी अधिकारी मापे सांगायला येत. मालक बाहेर गेलेले असले की मास्तरच त्यांच्यापुढे उभे राहत. 'येस सर', 'टुमारो सर' यापलीकडे त्यांची गाडी सरकत नसे, पण समोरचा काय म्हणतो ते त्यांना बरोबर उमगे. वाचायचे म्हटले की मात्र पंचाईत. इंग्रजी छापील पान पुढे आले की त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येई.

अशा माणसावर उतारवयात इंग्रजी वाचनाची परीक्षा द्यायची पाळी आली, ती लेकीमुळे.

लेक परदेशात. जावई अचानक गेले आणि ती लहानग्या मुलीला घेऊन एकटी राहिली. या नातीला घरात सगळे ठकी म्हणत. लेकीची नोकरी इस्पितळातली, कधी सकाळची, कधी रात्रीची. ठकीला शेजारणीकडे सोडून ती कामावर जाई. नोकरी सोडावी तर त्या देशात राहायची परवानगीही जाणार. शेवटी तिने आईवडिलांना कायमचे बोलावून घेण्यासाठी अर्ज केला. तिथला नियम असा की येणाऱ्या प्रत्येकाने आधी इंग्रजी वाचनाची परीक्षा पास व्हायची.

"मी शाळेत इंग्रजीत काठावर पास व्हायचो गं," मास्तर फोनवर म्हणाले.

"काठावर चालेल बाबा," लेक म्हणाली. "पण या वेळी पास व्हाच."

नवराबायकोने मिळून क्लास लावला. बँकेच्या वरच्या मजल्यावरची खोली, अरुंद बाके, आणि शिकवायला शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "असा वर्ग मी आयुष्यात पाहिला नाही. मास्तर बाकावर आणि बाई फळ्याशी!" बाकीचे विद्यार्थी सगळे तरुण. त्यांनी मास्तरांच्या बायकोला काकू म्हणायला सुरुवात केली, तेव्हा आपणही काकूच म्हणू.

सरावाचे पुस्तक जाडजूड होते. त्यातले बरेचसे उतारे दोनच विषयांवर: झेंड्यांचा इतिहास आणि नव्याने निघालेल्या कादंबऱ्या. पुस्तक काढणाऱ्याला या दोहोंचा एवढा लळा का, कोण जाणे. उताऱ्याखाली काही विधाने दिलेली असत. प्रत्येकापुढे लिहायचे की हे उताऱ्याप्रमाणे खरे आहे, खोटे आहे, की उताऱ्यात याबद्दल काहीच सांगितलेले नाही.

झेंड्यांचा उतारा आला की मास्तर खुलत. जहाजे एकमेकांना लांबून खुणा कशा करत, झेंड्याचे कापड आधी लोकरीचे कसे असे, हे वाचताना अडलेला शब्दही त्यांना अंदाजाने लागे. वर्ग त्यांच्याकडे वळून बघे आणि मास्तर मग जरा जास्तच सांगत. बाई टेबलावर खडू आपटत. "मास्तर, तुमचं नको. उताऱ्यातलं सांगा."

काकूंचा जीव कादंबऱ्यांत. पुडी बांधून आलेला कागदसुद्धा वाचल्याशिवाय त्या टाकत नसत, म्हणून मास्तर त्यांना 'वाचनालय' म्हणत. आता तेच वेड इंग्रजीत उतरले. त्यांचे वाचन बघता बघता मास्तरांच्या पुढे गेले. मात्र कोणी इंग्रजीत बोलायला लागले की सगळे त्यांच्या डोक्यावरून जाई. डोळ्यांना कळे, कानांना कळत नसे.

क्लासमधून परतताना एकदा त्या वाटेतच थांबल्या.

"अहो, त्या बहिणींचं पुढे काय झालं असेल?"

"कुठल्या बहिणी?"

"अहो, कोटवाल्या. दोघींत मिळून एकच कोट. धाकटी तो घालून बाहेर पडली, आणि तिथेच उतारा संपला."

"कादंबरी खपायला नको का? शेवट सांगून टाकला तर घेणार कोण?"

"तुम्हाला नाही कळायचं. तुमचे झेंडे बरे. ना हसत, ना रडत."

"म्हणून तर जन्म निघाला त्यांच्यात. घरी वाचनालय सांभाळायचं ते निराळंच."

परीक्षेला मोठे सभागृह होते. कागद उलटला आणि मास्तरांना हसू फुटले. पहिलाच उतारा जहाजांवरच्या निशाणांचा! त्यांनी भराभर उत्तरे लिहिली. विधान होते, निशाणाची मोकळी कड लवकर विरते म्हणून खलाशी तिला जास्तीची शिवण घालत. मास्तरांनी डोळे झाकून लिहिले, खरे. दुसरे होते, उन्हात लाल रंग आधी उडतो. खरे. बाहेर आल्यावर ते काकूंना म्हणाले, "देव पावला. माझाच धंदा विचारला." काकूंचे तोंड उतरले होते. त्यांना सगळ्याच उत्तरांत शंका होत्या.

निकाल लागला. काकू पास, मास्तर नापास.

बाईंनी त्यांना समोर बसवून आठवतील ती विधाने सांगायला लावली, आणि मग डोक्याला हात लावला.

"मास्तर, खलाशी शिवण घालत असत हे उताऱ्यात कुठे होतं?"

"उताऱ्यात कशाला हवं? मी स्वतः घालून घेतो ना!"

"आणि लाल रंग?"

"तो उडतोच हो. कुठल्याही झेंडेवाल्याला विचारा."

"उडत असेल. पण त्यांनी तुमचा धंदा विचारला नव्हता. समोरच्या कागदावर काय आहे, एवढंच विचारलं होतं." बाईंचा आवाज मऊ झाला. "पुढची परीक्षा काही महिन्यांनी आहे. थांबा, दोघं मिळून जा."

काकूंनीही तेच धरून ठेवले. "मी एकटी जायची नाही. गेलो तर दोघं, नाहीतर इथेच." मास्तरांनाही ते मनातून हवे होते. त्यांच्या सगळ्या संसारात काकू माहेरीसुद्धा फार दिवस राहिलेल्या नव्हत्या.

पण त्याच सुमारास लेकीचा फोन आला. ठकीला सांभाळणारी शेजारीण ते शहरच सोडून चालली होती. दुसरे कोणी मिळेना. वरिष्ठांनी आणखी सुट्टी द्यायला नकार दिला होता. लेक रडली नाही. सगळे सरळ सांगत गेली, आणि मास्तरांना त्याचीच जास्त भीती वाटली. मागे ठकी कोणाशी तरी बोलत होती. विचारले तर लेक म्हणाली, "भिंतीशी बोलते ती. हल्ली बोलते तशी."

दुसऱ्याच आठवड्यात दोघे त्या देशाच्या कचेरीत गेले. खिडकीच्या काचेमागे एक तरुण बाई होती. मास्तरांनी कागद पुढे सरकवले आणि मोडक्यातोडक्या शब्दांत विचारले, की हिला आधी पाठवले तर चालेल का.

ती बाई चांगली होती. तिने घाई केली नाही. एकेक वाक्य सुटे करून ती इंग्रजीत सांगत गेली आणि मास्तरांना शब्द न् शब्द कळत गेला. पत्नी एकट्या गेल्या तर तुमचा एकत्र अर्ज तिथेच संपेल. तुम्ही नंतर पास झालात तरी तुम्हाला नवा अर्ज करावा लागेल, आणि त्या रांगेत पुष्कळ वर्षे जातात. तोवर पाहुणे म्हणूनही परवानगी मिळणार नाही. बरोबर राहायचे असेल तर थांबा, आणि दोघे मिळून जा. शेवटचे वाक्य तिने काचेजवळ वाकून सांगितले.

काकूंनी मास्तरांची बाही ओढली. "काय म्हणते हो?"

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिले. खरे सांगितले तर काकू तिथल्या बाकावर बसकण मारणार आणि उठणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. मग लेकीची नोकरी जाणार. आणि ती पोर तिकडे भिंतीशी बोलत राहणार.

"म्हणते, तुम्ही व्हा पुढे. हे पास झाले की येतीलच मागोमाग."

"एवढं लांबलचक बोलली ती. एवढंच?"

"कचेरीतली माणसं अगं. साध्या गोष्टीला चार वळसे घालतात."

मग ते खिडकीकडे वळले आणि म्हणाले, "येस मॅडम. शी गो." काचेमागच्या बाईने पुन्हा विचारले, नक्की? मास्तरांनी मान हलवली.

काकू गेल्या. जाताना बजावून गेल्या, की गॅस बंद केला का ते दोनदा बघा, आणि झेंड्यांचा उतारा आला तर तोंड मिटून वाचा. मास्तर म्हणाले, "आलोच मी." विमानतळाच्या दारातून आत गेल्यावर काकू दिसेनाशा झाल्या तरी ते तिथेच उभे होते. शेवटी पहारेकरी म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा, गाड्या येताहेत."

घर रिकामे पडले. मास्तर कारखान्यातून क्लासला आणि क्लासमधून घरी. परीक्षा पास होऊन इतक्यात पदरात काही पडणार नाही हे एकट्या त्यांनाच माहीत होते, तरी त्यांनी क्लास बुडवला नाही. बुडवला असता तर काकूंनी कारण विचारले असते. ते आता कादंबऱ्यांचे उतारे वाचत, हळूहळू, काकू कुठे थांबल्या असत्या त्याचा अंदाज घेत. काकू रोज फोन करत. ठकी आता रात्री नीट झोपते, लेकीच्या अंगावर जरा मूठभर मांस चढले आहे. एके दिवशी त्यांचा आवाज अगदी पोरीसारखा झाला होता.

"अहो, कोटवाली कादंबरी मिळाली. इथल्या वाचनालयात! शेवट सांगू?"

"नको," मास्तर म्हणाले. "आल्यावर वाचेन."

"मग ठेवून घेते. तुम्ही येईपर्यंत परत परत आणेन."

त्या रात्री त्यांना जेवण गेले नाही.

दुसऱ्या खेपेला मास्तर पास झाले, तेही चांगल्या गुणांनी. बाईंनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. मास्तरांनी निकाल दडवला असता, पण काकू तारीख लक्षात ठेवून होत्या. ऐकून त्या एवढ्या हरखल्या, की फोन चालू ठेवूनच लेकीला हाका मारत सुटल्या. तुमच्यासाठी कपाटातला एक कप्पा आजच रिकामा करते म्हणाल्या. पुढे काय करायचे ते लेकीला तिथल्या कचेरीत विचारायला सांगते म्हणाल्या. मास्तर "बरं, बरं" म्हणत राहिले.

नंतर काही दिवस फोन आला नाही. आला तेव्हा कारखान्याला सुट्टी होती आणि मास्तर सदऱ्यांना इस्त्री करत होते.

"ती खिडकीतली बाई काय म्हणाली होती?" काकूंनी सरळ विचारले.

"कुठली बाई?"

"नाटकं करू नका. लेक सगळं विचारून आली आहे. तुम्हाला तेव्हा कळलं होतं?"

"कळलं होतं."

"सगळं?"

"सगळं."

"माझ्याशी खोटं बोललात. आजवर कधी बोलला नव्हतात."

"एकदा बोललो होतो," मास्तरांनी हसवायचा प्रयत्न केला. "लग्न ठरताना. नोकरी कायम झाली म्हणून सांगितलं होतं."

काकू हसल्या नाहीत. "मला विचारायचं होतंत."

"तू नाही म्हणाली असतीस."

"असते म्हणाले! माझं मी ठरवलं असतं. लेक माझी पण आहे ना? तिच्यासाठी जीव तोडायचा तर दोघांनी मिळून तोडला असता. तुम्ही मला कापडासारखं बेतलंत आणि पाठवून दिलंत." त्यांचा आवाज फाटला. "आता उठून यावं, तर ही पोर माझा हात धरल्याशिवाय झोपत नाही."

"येऊ नकोस."

"ते तुम्ही सांगू नका आता."

इस्त्री तापून वास यायला लागला होता. मास्तरांनी बटण बंद केले.

"मला तिचं बोलणं सांगा," काकू म्हणाल्या. "तेव्हा सांगायला हवं होतं ते. जसंच्या तसं, तिच्याच भाषेत. आता कळतं मला."

मास्तरांनी घसा साफ केला. बायकोशी ते आजवर इंग्रजीत बोलले नव्हते. त्या खिडकीतल्या बाईने जिथे थांबून सांगितले होते तिथे थांबत, त्यांनी एकेक वाक्य म्हटले. एकही शब्द ते विसरले नव्हते. काकू मध्ये बोलल्या नाहीत. फक्त शेवटचे वाक्य, थांबा आणि दोघे मिळून जा हे, त्यांनी पुन्हा म्हणायला लावले. मास्तरांनी ते पुन्हा म्हटले.

"बरं," काकू म्हणाल्या. मग ठकीला शाळेतून आणायची वेळ झाली असे सांगून त्यांनी फोन ठेवला.