काकीचा हातगुण

ज्याच्या घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही, त्याने घरचं असं लिहायला बसावं का, हे मला अजून ठरवता येत नाही. त्यातून हा बाईमाणसाचा आजार. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. काकीला विचारलं तर ती म्हणाली, "लिव्ह की. मी काय चोरी केली का?"

ओतूरजवळच्या आमच्या वस्तीवर कांद्याचं बी वाफ्यात फोकायचं ते काकीनेच. तिच्या हाताला गुण होता. मुठीतून बी असं सुटायचं की रोप ना दाट, ना विरळ. दसऱ्याच्या सुमाराला शेजारणी तिला आधीच सांगून ठेवायच्या. ओल्या मातीचा, शेणखताचा वास आणि पदर खोचून वाफ्यात उकिडवी बसलेली काकी आठवली की आजही गावाकडची एसटी धरावीशी वाटते.

मी कॉलेजात असताना तिला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. पुण्याला आधी बाहेरून किरणांचे शेक दिले, मग आतला शेक ठरला. डॉक्टरांचं बोलणं समजेल म्हणून घरच्यांनी मला बरोबर धाडलं. मला तरी कितीसं समजत होतं. डॉक्टरीणबाईंनी सावकाश सांगितलं. आत नळ्या बसवायच्या, यंत्रातून तांदळाहून बारीक दाणा गाठीजवळ जातो, किरणं देतो आणि थोड्या वेळाने यंत्रात परत येतो. अंगात काही राहत नाही. गुण येईल अशी आशा आहे, पण आजार कधी उलटतोही, तपासणी चुकवू नका.

शेक देताना बंद खोलीत काकी एकटीच होती. बाहेर आणल्यावर म्हणाली, "पेरलं आन लगीच उकरून न्हेलं. ही आसली कसली शेती रं?"

शेक संपवून घरी आलो तेव्हा वाफे तयार होते. काकी बियाच्या पाटीकडे वाकली, तर आईने पाटी अलगद ओढून घेतली.

"औंदा ऱ्हाऊ दे गं. तुझ्या अंगात ती लाईट हाय. बी करपंल."

मी समजावून पाहिलं. आई म्हणाली, "तू डॉक्टर कवा झाला?"

बी आईने फोकलं. रोप कुठे दाट, कुठे टक्कल. बांधावर बसलेली काकी म्हणाली, "बाई, वाफ्याला चाई लागली जणू." आईलाही हसू आलं, पण पाटी तिने दिली नाही. पुढच्या दसऱ्यालाही नाही. शेजारणींनीही बोलावणं सोडलं.

तपासण्या चालू राहिल्या. पोटाची तक्रार मागे लागली होती, सारखं परसाकडे जावं लागे. एसटीत बसायच्या आधी काकी पाणीसुद्धा पीत नसे. तिच्याबरोबर शेक घेतलेली आंबेगावच्या डोंगराकडची एक बाई दवाखान्यात भेटायची. मग ती दिसेनाशी झाली. काकीने कुणाला विचारलं नाही.

मला नाशिकला नोकरी लागली. त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर मोठ्या तपासणीला आई तिच्याबरोबर गेली. मी फोनची वाट बघत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला.

"गाठ न्हाई," काकी म्हणाली. "आता वर्साकाठी एकदाच या म्हनल्या. तुझ्या आईनं इचारलं, हिच्या अंगातली लाईट गेली का? डॉक्टरीणबाई हसल्या. म्हनल्या, ती तर त्याच दिशी गेली."

मागून आईचा आवाज आला, "आटप गं, वारं सुटंल."

"ठिवते रं," काकी म्हणाली. "तुझी आई पाटी घिऊन हुभी हाय."