बारीकशेठची रेघ

बारीकशेठना बारीकशेठ का म्हणत, याला दोन कारणं होती. एक म्हणजे अंगानं ते वाळल्या शेंगेसारखे होते. दुसरं म्हणजे पेनांच्या दुकानात उभा जन्म काढूनही स्वतःच्या पेनला त्यांनी बारीक टोकाशिवाय दुसरं निब कधी लावलं नव्हतं. जाड लिहिणाऱ्यांची ते मनापासून कीव करत. बायको मात्र अंगानं ऐसपैस आणि अक्षरानंही ऐसपैस. गिऱ्हाइकं तिला काकू म्हणत. शेठ काउंटरमागून सांगत, "आमच्या घरात दोन्ही मापं मिळतात बरं का!" त्यावर काकू म्हणत, "मिळतात, पण बदलून मिळत नाहीत."

दुकान एका जिन्याखाली होतं. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेरूनच बोलायचं. "मोठं निब द्या, मला जाड लिहायचंय," असं कुणी म्हटलं की शेठची कळी खुलायची. मग ते सहा नंबरची, म्हणजे एकाच मापाची, तीन निबं काढत आणि कागदावर एकाखाली एक रेघा ओढत. पहिली केसाएवढी, दुसरी मध्यम, तिसरी चांगली ठसठशीत. "बघा, निब तेवढंच, टोक वेगळं. घागर मोठी म्हणून धार जाड पडते का?" पटल्यावाचून माणसाला ते सोडत नसत.

त्यांच्या डोळ्यांचं दुखणं सुरू झालं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की आतला पडदा झिजतोय आणि चष्मा बदलून उपयोग नाही. शेठनी ते ऐकून सोडून दिलं. आधी दिव्याला नावं ठेवली, मग कागदाला, मग शाईला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! आणि वर भरल्या दुकानात घोषणाही करून बसले, "ज्या दिवशी मला माझी रेघ दिसणार नाही, त्या दिवसापासून या दुकानात पाय ठेवणार नाही."

हे शब्द काकूंच्या काळजात रुतले. शेठचे थोरले भाऊ शिंपी. बोटं वाकडी झाली म्हणून त्यांनी कात्री खाली ठेवली आणि घरी खुर्चीत बसले. दोन वर्षांत त्यांनी बोलणंच सोडलं होतं. जेवायला वाढलं तर जेवत, नाहीतर भिंतीकडे बघत बसत. आपला माणूस असा बसलेला काकूंना बघवला नसता.

सुट्टीच्या दिवशी पेनं धुण्याचं काम काकूंचंच होतं. एका सुट्टीला त्यांनी शेठच्या पेनातलं बारीक निब ओढून काढलं आणि त्याच कंपनीचं, त्याच नंबरचं, पण मध्यम टोकाचं बसवलं. दोन्ही दिसायला जुळी भावंडं. फरक कडेला कोरलेल्या एका अक्षराचा, आणि ते अक्षर शेठना आता भिंगातूनही लागत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेठ लिहिता लिहिता म्हणाले, "आज उजेड बरा आहे." काकूंनी मान खाली घालून कापूस पिंजल्यासारखं उगाच फडकं झटकलं. काही महिन्यांनी उजेड पुन्हा कमी झाला, तेव्हा त्यांनी मध्यम काढून जाड बसवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

एकदा दातांची एक डॉक्टरीण पेन घ्यायला आली. तिला अगदी बारीक रेघ हवी होती. शेठनी खिशातलं पेन काढून ऐटीत रेघ ओढली. "ही घ्या. याला म्हणतात बारीक."

डॉक्टरीण कागदावर वाकली. "अहो काका, ही कसली बारीक? ही तर चांगली जाड आहे!"

काकूंच्या हातातली शाईची बाटली हातातच राहिली. शेठनी कागद नाकापाशी नेला, लांब धरला, खाली ठेवला.

"कंपनी बदलली की बारीक बदलतं, ताई," ते शांतपणे म्हणाले. "आमच्या कंपनीत यालाच बारीक म्हणतात. तुम्हाला परकं बारीक दाखवतो." आणि त्यांनी पेटीतलं खरं बारीक निब बोटांनी चाचपून काढून दिलं.

संध्याकाळी कुलूप लावायच्या वेळी काकूंना राहवलं नाही. "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. बारीक टोक कागदावर कुरकुरतं. तू बदललंस आणि ते गप्प झालं. जाड रेघ गप्प असते. आपल्या घरात तेवढं उलट आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर ती घोषणा पाळावी लागली असती." मग म्हणाले, "आता येत्या सुट्टीला आणखी एक पायरी चढव. कालचं माझंच अक्षर मला लागलं नाही."

काकू म्हणाल्या, "अहो, याच्यापुढे पायरी नाही. हे शेवटचंच."

शेठनी खिशातलं पेन काढून काकूंच्या हातात दिलं. ते परत घेतलं नाही, तेव्हा काकूंनी घाबरून विचारलं,

"म्हणजे उद्यापासून तुम्ही..."

"उद्यापासून रेघा तू ओढायच्या. मी शेजारी बसून कुरकुर ऐकेन."

काकू डोळे पुसत म्हणाल्या, "पण दुकानात येणार ना?"

"न येऊन कसं चालेल? तुला बारीक कुठं ओढता येतं!"