पोचले का जी?

कूलर लावायचा म्हणून मी सरांच्या कॉम्प्युटरचा प्लग काढला.

ही चूक किती मोठी होती, हे कळायला आधी आमचे सर कळायला हवेत. वर्धा जिल्ह्यात जेवढी म्हणून काळजी पिकते, ती सगळी एकट्याने विकत घेऊन आपल्या डोक्याच्या गोदामात भरून ठेवणारा माणूस म्हणजे आमचे सर. शहराबाहेर माळावर, झाडं कमी आणि ऊन जास्त अशा जागी आमच्या विद्यापीठाचा गणित आणि संगणक विभाग आहे. सर तिथले सगळ्यात ज्येष्ठ प्राध्यापक. ऊन पडलं तर माणसं चक्कर येऊन पडतील याची काळजी, ढग आले तर वीज पडेल याची काळजी, आणि यातलं काहीच झालं नाही तर 'आज एवढं शांत काऊन आहे?' याची काळजी. घरून निघताना ते गॅस बंद आहे का हे पाहत, गल्लीच्या तोंडाशी आल्यावर परत जाऊन पाहत, आणि विभागात पोचल्यावर काकूंना फोन करून पाहायला लावत. काकू फोन उचलल्या उचलल्या, सर काही बोलायच्या आत, "बंद आहे" एवढंच म्हणून ठेवून देत. बाकी संसाराच्या गप्पा ते दोघं कधी मारत असतील, हे मला कोडंच आहे.

पण सरांची खरी काळजी म्हणजे माणूस घरी पोचला का, ही. विभागातून संध्याकाळी कोणीही निघो, प्राध्यापक, शिपाई, संशोधन करणारी मुलं, प्रत्येकाला तो घरी पोचेल अशा बेताने सरांचा फोन येणारच. "पोचले का जी?" बस, एवढंच. 'हो सर' म्हटलं की त्यांचा एक सुस्कारा ऐकू यायचा आणि फोन बंद. पुढे कोणीतरी त्यांना मोबाइलवर लाइव्ह लोकेशन बघायला शिकवलं. ज्याने शिकवलं त्याला आम्ही अजून माफ केलेलं नाही. आमच्या संगणकाच्या मॅडम रोज आंजीहून स्कूटीने येतात. एकदा परत जाताना रसवंतीवर उसाचा रस प्यायला थांबल्या, तर ग्लास तोंडाला लावायच्या आत फोन. "मॅडम, तुमचा ठिपका हालून नाई राह्यला. काऊन?" मॅडम म्हणाल्या, "सर, रस पिऊन राह्यली." तिकडून लगेच, "बर्फ नका टाकू त्याच्यात. पाणी कुठचं राह्यते काय माहीत."

आणि अशा माणसाने आयुष्यभर गणितात काय करावं? तर तेच. सरांची स्वतःची एक अटकळ होती. अटकळ म्हणजे जे खरं वाटतं पण अजून सिद्ध झालेलं नाही असं विधान. गणितातली माणसं त्याच्यापायी आख्खी नोकरी घालवतात. सरांचं म्हणणं साधं होतं. कुठलीही संख्या घ्या, तिला त्यांनी ठरवलेले दोन-तीन नियम पुन्हा पुन्हा लावत जा. ती वाढेल, घटेल, रानोमाळ भटकेल, पण शेवटी एका ठरलेल्या संख्येवर येऊन थांबेलच. त्या संख्येला सर 'घर' म्हणत. प्रत्येक संख्या घरी पोचते, एवढीच सरांची अटकळ. तरुणपणी ते हिंगणीहून वर्ध्याला एसटीने ये-जा करायचे, तेव्हा मांडीवर जुन्या प्रश्नपत्रिका उलट्या ठेवून त्यांनी सुरुवातीच्या कितीतरी संख्या हाताने घरी पोचवल्या होत्या. पुढच्या मोठ्या संख्यांसाठी त्यांनी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक म्हातारा कॉम्प्युटर कामाला लावला. तो रात्रंदिवस एकेक संख्या घ्यायचा, घरी पोचली की पुढची. एखादी नाहीच पोचली तर थांबून तसं सांगायचा. सर सकाळी आल्यावर त्या कॉम्प्युटरच्या पाठीला हात लावून ताप बघावा तसं बघायचे, पडदा सुरू करायचे, आणि आकडा पळताना दिसला की म्हणायचे, "चालू आहे बिचारा."

आता कूलरचं. आमच्या विभागात कूलर एकच आणि त्याचं तोंड त्या कॉम्प्युटरकडे. मे महिन्यात वर्ध्याचं ऊन कसं असतं ते मी सांगायला नको. आम्ही सगळे उत्तरपत्रिकांनी वारा घेत बसलेले आणि ते यंत्र वाळ्याच्या गार वाऱ्यात डुलतंय. मी एकदा धीर करून म्हणालो, "सर, थोडा इकडे फिरवला तर?" सर म्हणाले, "भाऊ, तुमी गरम झाले तं बाहेर जाऊन बसान. तो कुठी जाईन?"

मी निमूट पुन्हा उत्तरपत्रिकेने वारा घेऊ लागलो. मला उत्तरं नेहमी नंतर सुचतात आणि तीही चुकीची.

सरांनी सेवानिवृत्तीच्या आधीच्या शनिवारी व्याख्यान द्यायचं ठरवलं होतं. आमच्याकडे शनिवारी दुपारी बैठक भरते. एकजण फळ्यावर आपलं काम मांडतो, बाकीचे त्यात चूक शोधतात. बोलणाऱ्याने सगळ्यांसाठी तर्री-पोहे, म्हणजे वर झणझणीत रस्सा घातलेले पोहे, आणायचे आणि जो चूक काढेल त्याला पहिली प्लेट, असा रिवाज आहे. उभ्या नोकरीत मला ती प्लेट कधी मिळाली नाही. माझ्या व्याख्यानांमुळे मात्र विभागातल्या बहुतेकांना मिळालेली आहे. तर त्या शनिवारी सर आपली अटकळ सगळ्यांसमोर ठेवणार होते. बाहेरच्या विद्यापीठांतूनही माणसं यायची होती. सिद्धता नव्हती, पण मशीनने इतक्या दूरपर्यंत जाऊन एकही संख्या चुकलेली सापडली नाही, एवढ्या भरवशावर ते ती पुढच्या पोरांच्या हाती सोपवणार होते. आयुष्याचं म्हणून जे काही सांगायचं, ते एवढंच होतं त्यांच्याजवळ.

त्या आठवड्यात सर पुतणीच्या लग्नाला हिंगणीला गेले आणि मी उत्तरपत्रिका तपासायला प्रयोगशाळेत एकटा बसलो. कूलर ओढून माझ्याकडे केला तर वायर पुरेना. जवळ एकच सॉकेट, त्यात आधीच एक प्लग, आणि वर सरांच्या अक्षरात लाल खडूने 'हात लावू नये'. आता तुम्ही म्हणाल, एवढं लिहिलेलं असताना? पण सरांनी ते कुठे लिहिलेलं नव्हतं? खिडकीवर होतं, पंख्याच्या बटणावर होतं, पाण्याच्या माठावर होतं. आम्ही ते पाळलं असतं तर विभागात तहानेने मेलो असतो. मी प्लग काढला. कॉम्प्युटरखालची यूपीएसची पेटी बराच वेळ केविलवाणी ओरडली. बाहेर माळावर टिटवी ओरडते आहे असं समजून मी निवांत पेपर तपासत राहिलो. टिटवी थांबली तेव्हा तर बरंच वाटलं.

मग नजर वर गेली. कॉम्प्युटरचा तो छोटा हिरवा दिवा विझलेला होता.

अंगावर कूलरचा वारा असून मला घाम फुटला. मशीन कुठल्या संख्येपर्यंत गेलं होतं, ते फक्त त्या मशीनलाच माहीत. मॅडम सरांना कितीदा सांगून थकल्या होत्या की मधे मधे थांबवून आकडा साठवून ठेवू. पण सरांना काळजी की थांबवलेलं पुन्हा सुरूच नाही झालं तर? मी घाईघाईने प्लग लावला, मशीन सुरू केलं, प्रोग्रॅम उघडला. त्याने विचारलं, कुठून सुरुवात करू? कुठलीही गोष्ट एकपासून सुरू करावी, हे मला पहिलीत शिकवलेलं. मी एक टाकला. म्हटलं, चालू तर दिसेल. सर आले की सांगू हळूहळू, एखादं लग्नाचं जेवण जिरल्यावर.

पण ते चालू दिसेचना. बटण दाबलं की डोळ्याचं पातं लवतंय तोवर थांबायचं आणि पडद्यावर एक ओळ उमटायची. मी परत दाबलं, परत थांबलं. बंद केलं, चालू केलं, पाठीवर हळूच थाप मारली, नंतर जोरात मारली. तेच. म्हणजे मी नुसतं काम बुडवलं नव्हतं, प्रोग्रॅमही मोडला होता. शेवटी मॅडमना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळावर हात मारून घेतला आणि पडद्याजवळ वाकल्या. वाकल्या त्या सरळच होईनात.

"मॅडम, दुरुस्त होईल ना?"

"हा मोडला नाई हो," त्या अगदी हळू म्हणाल्या. "याले सापडली."

"काय?"

"घरी न पोचलेली संख्या. अन् लय लहान आहे हो. हे तं सरांनी हातानं केलेल्यातली आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सरांनी मशीन कधी एकपासून चालवलंच नव्हतं. हाताने तपासलेल्या संख्या मागे सोडून ते पुढून सुरू केलं होतं, आणि मोठी संख्या घटत घटत त्या तपासलेल्यांत आली की मशीन ती घरी पोचली असंच धरायचं. गॅसचं बटण परत परत बघणाऱ्या माणसाने जगात एकाच गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवला होता, स्वतःच्या हिशेबावर. वाटेत सेलूच्या आसपास कधीतरी एसटी खड्ड्यात गेली असेल, एखादा आकडा हलला असेल. तेवढ्यावर सरांची आख्खी अटकळ उभी होती. आणि शनिवार तोंडावर आलेला.

"सांगायचं का?" मी विचारलं. माझ्या मनात नाही-नाही ते येत होतं. गुपचूप पुढच्या कुठल्यातरी आकड्यापासून मशीन लावून द्यावं, कोणाला कळतंय? सर खुशीत निवृत्त होतील. मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य तोंडातच गिळलं. "सर शनिवारी भर बैठकीत हे खरं म्हणून सांगतीन," त्या म्हणाल्या, "अन् उद्या कोणी पोरगा घरच्या लॅपटॉपवर एकपासून लावून पाहीन. मग?"

सर दुसऱ्या दिवशी आले, हातात लग्नातल्या बुंदीचा डबा. सवयीने कॉम्प्युटरच्या पाठीला हात लावला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, प्लग, कूलर, टिटवी, सगळं. मला वाटलं, आता ओरडतील. मॅडम पाण्याचा ग्लास भरून तयार होत्या. सरांनी बुंदीचा डबा टेबलावर ठेवला. खडू घेतला, फळ्यावर ती संख्या लिहिली आणि हाताने नियम लावत निघाले. फळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आकडे वाढले, घटले, पुन्हा वाढले. मनातून मी देवाला म्हणत होतो की मशीनच चुकलेलं असू दे, नाहीतर वर्ध्यातली सगळी वीज चुकलेली असू दे. आणि मग सरांचा हात थांबला. सुरुवातीचीच संख्या पुन्हा खडूखाली आली होती. घर नाही, काही नाही. नुसतं गोल गोल फिरणं.

सर खुर्चीत बसले. हातातला खडू पुसून डबीत ठेवला. मग म्हणाले, "किती वर्षांपासून फिरून राह्यला हा. अन् मी याले पोचला म्हणून सोडून देलतं."

मॅडमनी पदर डोळ्याला लावला. मी खिडकीबाहेर पाहिलं. सर उठले, डबा उघडला, आम्हाला दोघांना बुंदी दिली आणि स्वतः कूलर ओढून त्याचं तोंड आमच्याकडे फिरवलं. "घ्या हवा. याले आता काऊन पाह्यजे?"

शनिवारी बैठक झाली. मी तोपर्यंत धड जेवलो नव्हतो. सर फळ्यासमोर उभे राहिले आणि बाहेरगावच्या पाहुण्यांसमोर शांतपणे म्हणाले की आयुष्यभर मी जे खरं मानलं ते खोटं आहे, आणि हे पाहा कसं. ती हरवलेली संख्या त्यांनी स्वतः फळ्यावर फिरवून दाखवली. मग पोहे आले. सरांनी पहिली प्लेट उचलली आणि भर सभेतून चालत माझ्याजवळ आणली. "रिवाज आहे," म्हणाले. मी ती दोन्ही हातांनी घ्यायला गेलो. तर्री सांडली ती बाहेरून आलेल्या एका प्राध्यापकांच्या पांढऱ्या शर्टावर.

सर आता निवृत्त होऊन पिपरी मेघेला असतात. विभागात कूलर आमच्याकडे तोंड करून असतो, कोपऱ्यातल्या टेबलावर आता उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत, आणि संध्याकाळी कोणाचाच फोन येत नाही. मॅडम म्हणतात, रस पिताना चुकल्यासारखं होतं. परवा मी सरांना भेटायला गेलो. अंगणात खुर्ची टाकून निवांत बसले होते. काकू चहा देता देता म्हणाल्या, "घरून निघताना गॅस पाहत नाई आता. मलेच धडधड होते, जाऊन पाहून येते मी." सरांना विचारलं, हल्ली फोन का करत नाही हो कोणाला? म्हणाले, "मी फोन केला म्हणून कोणी पोचत नाई भाऊ. ज्याचा तो पोचते."

परतताना वाटेत गाडी दोनदा थांबवून मी मोबाइल पाहिला. घरी आलो, हातपाय धुतले, पुन्हा पाहिला. नाहीच. शेवटी न राहवून मीच फोन लावला.

"सर, मी पोचलो."

तिकडून तो जुना सुस्कारा ऐकू आला, आणि त्याच्यामागून सरांचा आवाज.

"बरं झालं. आता घरातल्या कोण्याच प्लगले हात नका लावू."