फांदी, फीत आणि चांदसाहेबांची गादी

पहिली फांदी विश्वजीतमुळं पडली, आणि पडली ती थेट चांदसाहेबांच्या दुकानावर.

विश्वजीत नगरपालिकेत क्लार्क. गावाचं नाव कशाला, इस्लामपूरच्या बाजूचं आहे एवढं पुरे. चौकातल्या चिंचेच्या वाळक्या फांद्या पावसाळ्याआधी उतरवायचं काम त्याच्या गळ्यात पडलेलं. झाडावर मशीनची करवत घेऊन आकाराम, खाली इशारा द्यायला विश्वजीत. तेवढ्यात समोरनं मोटारसायकलवर तलाठी गेले. ओळखीचा माणूस गेला की हात वर करायचा, ही गावची रीत. विश्वजीतनं हात वर केला. आकारामनं तो इशारा समजून दोर सोडला.

दुकानाचा पत्रा खचला आणि आतला पिंजलेला कापूस उडाला. बसथांब्यावरच्या माणसांची डोकी पांढरी होऊन ती बसल्या जागी चाळीस वर्षांनी म्हातारी झाली.

कापसातून चांदसाहेब पिंजारी बाहेर आले. वय सत्तर, डोक्यावर जाळीची टोपी. ते ओरडले नाहीत. ओरडायचा त्यांचा स्वभावच नव्हता. ते अर्ज लिहायचे. उघड्या गटारावर, लोंबत्या तारेवर, सगळ्यावर त्यांचे अर्ज पालिकेत पडून होते. फळीवर कागद ठेवून त्यांनी तिथंच अर्ज लिहून विश्वजीतच्या हातात दिला : ‘पत्रा परत बसंल. पण खालनं माणसं जात्यात. फांदी पाडताना रस्ता बंद करा. कुणी मेल्यावर हार आणण्यापेक्षा आत्ता दोरी आणा.’

विश्वजीतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांत मोठी फांदी उतरवायची होती. त्यानं पालिकेचं स्टोअर धुंडाळलं. दोरी नव्हती, होता तो एकुलता दोर आकारामकडं झाडावर. उद्घाटनांची उरलेली लाल फीत मात्र भेंडोळंभर होती. तीच त्यानं झाडाच्या दोन्ही अंगांना रस्त्यावर आडवी ताणून बांधली.

चांदसाहेबांनी फीत बोटानं चाचपली. “हिला बघून माणूस थांबत न्हाई गड्या. कात्री शोधतोय.”

“चाचा, तुमी कायबी बोलताय!”

अकराला माजी नगरसेवक लालासाहेबांची जीप आली. निवडणूक हरल्यापासून दोन वर्षं त्यांच्या वाट्याला एक फीत आली नव्हती. लाल फीत दिसताच गाडी थांबली. समोरच्या सलूनमधनं कात्री आली, फीत तुटली, टाळ्या झाल्या. कशाचं उद्घाटन, हे कुणी विचारलं नाही. फोटोसाठी सगळे सावलीला सरकले, म्हणजे नेमके फांदीखाली!

वर करवत फांदीत निम्मी शिरलेली. आकारामच्या कानांत बोळे, तेही चांदसाहेबांच्याच कापसाचे.

“सरका! सरका!” विश्वजीत बोंबलला. फोटोत मावत नसू, असं वाटून मंडळी आणखी जवळ सरकली.

चांदसाहेब दुकानात शिरले. लग्नाच्या ऑर्डरची पांढरीशुभ्र गादी त्यांनी ओढत नेली, झाडापासून लांब, पार रस्त्यापलीकडं अंथरली आणि वर दोन लोड टाकले.

“आवं लालासाहेब, उद्घाटन झालं. आता बसणार न्हाई व्हय?”

गादी आणि लोड दिसल्यावर लालासाहेबांचे पाय आपसूक वळले. मागोमाग कार्यकर्ते निघाले. कडेला चपला काढून सगळे ओळीनं बसले. शेवटच्यानं मांडी घातली आणि कडाडकन फांदी खाली आली. फोटोची जागा दिसेनाशी झाली.

मंडळी गारठली. लालासाहेबांनी लोड पोटाशी धरला तो सोडेचनात.

पडलेल्या फांदीवर चढून, झाडाला टेकूनच विश्वजीतनं पलीकडं हात जोडले.

“चाचा, लय उपकार झालं! आता तेवढी तक्रार मागं घ्या की.”

चांदसाहेबांनी वर बघितलं. आकारामनं पुढच्या फांदीला करवत लावली होती.

“आदी त्या झाडाखालनं बाजूला हो.”