रोज ओलांडलेली फळी

सरकीचा ओलसर वास आला की अकोल्यातल्या माझ्या वखारीचा माळा डोळ्यांपुढे तरंगू लागतो. कापसाला सोन्याचा भाव आलेली ती वर्षं. तिथं टांगलेल्या पोत्यांसारख्या बोऱ्यांत पायांनी कापूस तुडवायला परगावचा एक गडी आला होता. उन्हाच्या तिरिपेत तंतू हलकेच उडत होते. “मालक, गादीवानी लागून राह्यलं, झोपच येते मले!” तो हसला, बोरीतून निघून पाणी प्यायला वळला, आणि कापसाखाली झाकलेली माळ्याची फळी मोडून खाली कोसळला. पाय कायमचा गेला. “फळी कुजकी होती काय, मालक?” त्यानं पंचांसमोर विचारलं. “नाही बापा, तूच उडी मारली,” मी म्हणालो, आणि त्याला पोसायची जबाबदारी माझ्यावरून टळली. आज म्हातारपणी खरं लिहून ठेवतो: त्या फळीवर पाय न ठेवता मी रोज ती ओलांडून जात होतो.