स्वतः बसवलेली पट्टी

बोटी दुरुस्त करायच्या त्या आवारात त्यांना सगळे ठोकमामा म्हणत. शिडाच्या बोटींच्या काठ्या, तारा, बोल्ट बदलण्याचं काम त्यांनी एकतीस वर्षं केलं आणि तेवढ्या काळात एकाही वस्तूवर विश्वास ठेवला नाही. माणसांचा तर प्रश्नच नव्हता. दुकानातून नवा बोल्ट आणला की तो खरंच न गंजणाऱ्या पोलादाचा आहे का हे बघायला आधी त्याला लोहचुंबक लावायचे. दुकानदार सख्खा मेव्हणा होता, म्हणून दोनदा.

त्यामुळे जावयाने चाळीस वर्षांची जुनी बोट घेऊन रविवारी लेकीसह लांबच्या सफरीवर निघायचं ठरवलं, तेव्हा मामा गुरुवारी सकाळीच हातोडी घेऊन हजर झाले.

अशा बोटीच्या नाळेतून, म्हणजे पुढच्या टोकातून, एक लांब दांडा पुढे पाण्यावर आलेला असतो. पुढच्या शिडाचा आणि डोलकाठीच्या तारेचा ताण त्याच्यावर. जावयाने तो नुकताच रंगवला होता.

"रंग छान आहे," मामा म्हणाले. "खाली काय लपवलंत?"

"काही नाही हो, बाबा."

मामा ठोकत निघाले. ठण, ठण, ठण आणि बुडाशी एकदम भद्द. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

"बडं घर, पोकळ वासा," ते समाधानाने म्हणाले.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नवा दांडा बसला, दोन तारा बदलल्या. मामा हत्यारं आवरू लागले.

"बाबा, ही पट्टी राहिली," लेक म्हणाली. दांडा वर उचकटू नये म्हणून त्याला खालून साखळीने ओढून धरतात. ती साखळी पाण्यालगत ज्या पट्टीला अडकवतात, ती.

"ती नको. जुन्या मालकासाठी मीच बसवली होती. अठरा वर्षं झाली."

"म्हणजे अठरा वर्षं कोणी बघितली नाही."

"मी बसवली म्हटलं ना!"

आपला तो बाब्या. लेकीने पट्टीच्या बोल्टला पाना लावला. त्याचं डोकं आरशासारखं चकचकीत होतं. तिसऱ्या वेढ्याला ते तिच्या हातात आलं. लाकडाच्या आतला भाग गंजून पेन्सिलीतल्या शिशाएवढा उरला होता. पहिल्याच जोराच्या वाऱ्यात नवा दांडा वर आणि डोलकाठी खाली आली असती.

मामांनी तो तुकडा उलटसुलट करून पाहिला. जावयाने आवरलेली हत्यारं पुन्हा बाहेर काढली. मुलगा शहाणा होता.

शनिवारी मामांनी नवी पट्टी, नवे बोल्ट बसवले. रविवारी सकाळी लेकीने विचारलं, "सगळं तपासलंत ना?"

"मी कसा तपासणार? बसवलंय मी. तू बघ."

ती अर्धा तास पालथी पडून एकेक नट बघत होती. "काही सापडलं नाही, बाबा."

"काहीच नाही?" मामांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मग नीट बघितलं नाहीस. जावईबापू, या इकडे."

जावईबापूंनाही काही सापडलं नाही. दुपारी नाइलाजाने मामांनी धक्क्यावरचा दोर सोडला.