हिरव्या बोंडांचा सहावा प्याला

काम्शात प्याला विकत घेण्याआधी तो उलटा करून बुडाचा शिक्का बघते. मग डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवते आणि शेवटी तळहातावर ठेवून नखाने टिचकी मारते. धड प्याला वाजतो, तडा गेलेला नुसता खोकतो. आमच्या तराझ शहराच्या जुन्या बाजारात, रुळांच्या कडेला चटया पसरून बसणारे विक्रेते तिला लांबून बघितलं की म्हणतात, "आली बघा डॉक्टरीण."

आधी ती आमच्या वस्तीतल्या बालवाडीत स्वैपाकीण होती. बालवाडी बंद केली आणि त्या जागी मोटारी धुण्याचं दुकान आलं. मी सह्या गोळा केल्या, कचेरीच्या पायऱ्यांवर ठाण मांडलं. ज्यांनी सही द्यायला नकार दिला त्यांची नावं मला अजून पाठ आहेत. काम्शात ओरडली नाही. बालवाडीच्या मागे फेकलेल्या ढिगातून तिने हंसाचं चित्र असलेली एक पत्र्याची किटली उचलली, सोड्याने घासली, स्वैपाकघराच्या खिडकीत ठेवून फोटो काढला आणि फोनवर टाकला. अल्माटीच्या एका बाईने ती नव्या किटलीपेक्षा जास्त पैसे मोजून नेली. आम्ही ज्याला लाथ मारतो ते कुणीतरी शोधत हिंडत असतं, हे काम्शातला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून हाच तिचा धंदा. जुने कॅमेरे, लंबकाची घड्याळं, नववर्षाच्या झाडावरचे काचेचे गोळे, आणि सगळ्यांत जास्त चहाची भांडी.

तिची जाहिरात वाचण्यासारखी असते. "तिसऱ्या बशीला सुईच्या टोकाएवढा टवका आहे. झाकणाची दोरी मी बांधलेली, मूळची नाही." मी एकदा म्हटलं, बाई, एवढं खरं सांगून कुणी धंदा करतं का? ती म्हणाली, टवका घरी गेल्यावर सापडला तर शिव्या देतात. आधी सांगितला तर त्या टवक्याचंही कौतुक करतात.

तिचा नवरा दौरेन पश्चिमेकडे तेलाच्या विहिरींवर असतो. महिना तिकडे, महिना इकडे. घरात ती आणि तिची सासू, चौऱ्याऐंशी वर्षांची उर्किया आपा. आपाला हा धंदा कधी पटला नाही. "लोकांच्या सुना घरात भांडी आणतात. माझी घरातली बाहेर काढते." हे ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची. एकदा काम्शातने आपाच्या शालीवर घड्याळ ठेवून फोटो काढला, तर गिऱ्हाइकाने घड्याळ सोडून शालीची किंमत विचारली. झालं. तेव्हापासून सुनेने फोन उचलला की आपा हातातला प्याला मांडीखाली लपवायची.

आता दामेश आजीचं सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दामेश आजी आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायची. शहाण्णव वर्षं जगली, आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत भांडली. असं माणूस गेलं की त्याच्या जेवणावळीतून कुणी रिकाम्या हाताने परत येत नाही. चमचा, बशी, प्याला, काहीतरी कोटाच्या खिशात जातं, आणि घरची माणसं मुद्दाम दुसरीकडे बघतात. त्याला तेबेरिक म्हणायचं. त्या म्हाताऱ्या माणसाचं आयुष्य आपल्याला लागो, एवढीच त्यामागची आशा. मी चमचा आणला. काम्शात दिवसभर अंगणात कढईशी उभी होती, तिने काही उचललं नाही. उर्किया आपाने काय आणलं ते तिने कुणाला सांगितलं नाही. सुनेला तर नाहीच नाही.

दोन वर्षांनी दामेशच्या नातवंडांनी घर विकायला काढलं आणि काम्शातला भांडी बघायला बोलावलं. तिथे तिला एक चहादाणी आणि पाच प्याले मिळाले. कापसाच्या बोंडांची निळी नक्षी आमच्याकडे घरोघरी असते. ही बोंडं हिरवी होती, वर सोनेरी रेघ, आणि रेघ कुठेच घासलेली नव्हती. पण पाच. पाच प्याल्यांना लोक "बरे आहेत" म्हणतात आणि पुढे जातात. सहा असले की थांबतात.

त्याच सुमारास आपाच्या छातीत कफ भरला, तिला दवाखान्यात ठेवलं. काम्शात तिच्यासाठी सूप न्यायला डबा शोधत काचेच्या कपाटात हात घालत होती, तर अगदी मागे, उपड्या वाडग्यांच्या आड, हिरव्या बोंडांचा एक प्याला. टिचकी मारली, वाजला. तिला वाटलं, घरातला कधीचा सुटा पडलेला असेल. तिने मला वर बोलावलं, सहा प्याले खिडकीत ओळीने मांडले होते. मीही बघतच राहिले. त्याच संध्याकाळी किझिलोर्दाच्या राय्खान नावाच्या बाईने संच घेतला. काम्शातने एकेक प्याला लोकरीच्या चिंध्यांत गुंडाळला आणि खोकं बसच्या चालकाच्या हवाली केलं.

आपा घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध द्यायला गेले तर ती कपाटासमोर उभी होती, वाडगे सगळे खाली काढलेले.

"माझा हिरवा प्याला कुठाय?" एवढंच विचारलं.

काम्शातने सांगितलं, विकला, किझिलोर्दाला गेला. आपा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिला ओरडताना आम्ही सगळ्यांनी ऐकलंय, ती तब्येतीची खूण आहे. ती ओरडली नाही. तिने शांतपणे सांगितलं की तो दामेशचा होता, जेवणावळीतून आणलेला. रोज पहाटे नमाजाआधी ती त्यातून घोटभर पाणी प्यायची. तुझ्या त्या फोनच्या नजरेला पडू नये म्हणून मागे ठेवला होता, म्हणाली. "गेला ना. जाऊ दे. म्हणजे माझंही आटपलं." आणि जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली.

आम्हाला वाटलं, राग आहे, उतरेल. उतरला नाही. जेवण परत यायला लागलं. चहा तर ती ओठाला लावेना, आणि आमच्याकडे म्हातारं माणूस मीठ घातलेला दुधाचा चहा सोडतं तेव्हा शेजारी एकमेकींकडे बघायला लागतात. डॉक्टर म्हणाला, छाती साफ आहे, खायला घाला. खायला घाला म्हणे! मला बोलावून आपाने तिचा फरचा कोट माझ्या अंगावर घालून बघितला, बाह्या आखूड करून घे म्हणाली. तिच्या पेटीतलं कफनाचं पांढरं कापड कुठे आहे तेही दाखवलं. मी कोट तिथेच टाकून जिना उतरले.

काम्शातने राय्खानला फोन केला. तिने काहीही बहाणा केला असता तरी चाललं असतं. चुकून गेला, तडा आहे, काहीही. पण ती जशी जाहिरात लिहिते तशीच बोलली. तो प्याला कुणाचा, कुठून आला, घरात काय चाललंय, सगळं. पैसे सगळ्या संचाचे परत देते, बाकीचे पाच तुमच्याकडेच राहू द्या, फक्त तेवढा एक, ओठाशी सोनेरी रेघ जरा पुसटलेला, पाठवा.

राय्खानने आधी एकच विचारलं.

"किती वर्षांची होती म्हणालात ती आजी?"

"शहाण्णव."

"मग मी तो देणार नाही," राय्खान म्हणाली. "रागावू नका. माझी आई हिवाळ्यापासून अंथरुणाला खिळलीय. हे प्याले आले त्या दिवशी उठून बसली. मला वाटलं, तिच्या लग्नात असेच होते म्हणून आनंद झाला असेल. आता कळलं कशामुळे."

मी फोन हिसकावून घेतला आणि तिला माझ्या भाषेत समजावलं. तिने फोन ठेवून दिला. ठेवू दे. माझं म्हणणं होतं, किझिलोर्दाला जाऊन तिच्या दारात बसायचं. दारात बसण्याचा मला अनुभव आहे. काम्शात मला म्हणाली, शोल्पान, तिलाही आई आहे. मला तेव्हा या उत्तराचा इतका संताप आला की मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

त्या दोन दिवसांत ती जुन्या बाजारात गेली आणि तिथल्या व्हिक्टर काकांच्या पेटीतून एक हिरव्या बोंडांचा प्याला शोधून काढला. तोच कारखाना, तीच सोनेरी रेघ. व्हिक्टर काका म्हणाले, कपाटात ठेवून दे, म्हातारीला काय दिसतंय. मीही अबोला सोडून तेच सांगायला गेले.

"परक्यांना टवका सांगते आणि आपांशी खोटं बोलू?" तिने मला विचारलं, आणि त्याच प्याल्यात चहा ओतून आपाच्या उशाशी ठेवला. "आपा, हा तुमचा नाही. तुमच्या प्याल्यासारखा आहे. तुमचा आणायची खटपट चालू आहे."

आपाने मान वळवली नाही. चहावर साय धरली.

तेवढ्यात काम्शातचा फोन वाजला, राय्खानचा. ती रडत होती. तिला झोप लागत नव्हती म्हणे, पण प्यालाही सोडवत नव्हता. काम्शात काही बोलायच्या आत पलंगावरून हात आला.

"इकडे दे तो. पोरी, मी उर्किया. जिचा प्याला तुझ्याकडे आहे ती. अजून मेले नाही म्हणून बोलते."

राय्खान माफी मागायला लागली. आपाने तिला मधेच तोडलं.

"वय काय तुझ्या आईचं?"

"अडुसष्ट."

"अडुसष्ट!" आपा कोपरावर उठली. "अगं, ती तर अजून नवरी आहे. तिला कशाला शहाण्णवचा प्याला? झेपायचा नाही तिला."

पलीकडून दुसरा, घोगरा आवाज आला: कोण आहे गं, कुणाचा प्याला? आईला राय्खानने काहीच सांगितलं नव्हतं, आणि फोन तर सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा लावलेला. आता सांगावं लागलं. मग त्या घोगऱ्या आवाजाने लेकीला जे फैलावर घेतलं ते आम्ही तिघींनी ऐकलं. "जिवंत बाईच्या तोंडचं काढून मला पाजतेस? मी काय भिकेला लागलेय आयुष्याच्या? उद्याच्या बसने जाऊ दे तो."

"थांब, थांब," आपा म्हणाली. आता ती सरळ बसली होती, पाठीला उशी न घेता. "नाव काय तुझं? झुपार? ऐक झुपार. दामेशचा होता, तो मला मिळालेला. या माझ्या सुनेने त्याचे पैसे घेतले. पैसे घेतले की तेबेरिक राहिलं कुठे, नुसती भाजलेली माती. तुझ्या घरी आहे तोवर ना तुला लागणार ना मला. तो तू मला पाठव. मी तुला माझ्या हाताने माझा देते. चौऱ्याऐंशी चालतील ना?"

झुपार म्हणाली, चौऱ्याऐंशी पुष्कळ झाले, शहाण्णव घेऊन करायचं काय, गुडघे तर आत्ताच गेलेत. मग गुडघ्यांवर बोलणं गेलं. तिथून छातीवर, तिथून तुमचं कुळ कुठलं, माहेर कुठलं, आणि आपाच्या आत्याच्या सासरचे कुणीतरी झुपारच्या गावचे निघाले, जसे आमच्याकडे नेहमीच निघतात. बोलता बोलता आपाचा घसा कोरडा पडला. तिने न बघता हात लांब केला, उशाशी ठेवलेला प्याला उचलला आणि साय धरलेला गार चहा एका दमात पिऊन रिकामा प्याला काम्शातपुढे धरला. बोलणं चालूच. काम्शातने माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघींनी श्वाससुद्धा घेतला नाही, न जाणो तिच्या लक्षात यायचं. काम्शातने गरम चहा ओतला. तोही गेला. तिसऱ्याच्या वेळी आपा फोनवर हात ठेवून म्हणाली, "मीठ कमी आहे. आणि बाऊर्साक संपलेत का घरात?"

काम्शात स्वैपाकघरात गेली, बाऊर्साक तळायला कणीक काढली आणि ओट्याला टेकून तशीच उभी राहिली. मी पाठोपाठ गेले तर तिचे खांदे हलत होते. जीव भांड्यात पडला म्हणतात तसा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. तेल मीच तापवलं.

आठवड्याभराने प्याला बसने आला, सोबत किझिलोर्दाच्या तांदळाचं पोतं. बस थांब्यावर काम्शातने चालकाचे आभार मानण्याआधी खोकं फोडलं आणि टिचकी मारली. वाजला. ती पोत्यावर बसली आणि लोक बघत होते तरी खुशाल हसत सुटली. परतीच्या बसने व्हिक्टर काकांकडचा प्याला गेला. तो पाठवण्याआधी आपाने आठवडाभर वापरला होता, आणि चिंध्यांत गुंडाळताना स्वतः दुवा पुटपुटून त्यावर फुंकर घातली होती. राय्खानचे सहाचे सहाच राहिले. प्याल्याचे पैसे परत द्यायचं नाव काढलं तर झुपार फोन ठेवते. त्या दोघी आता दर शुक्रवारी बोलतात, आणि बिल काम्शात भरते.

आपाने दामेशचा प्याला आता मागे लपवलेला नाही. कपाटात पुढे, काचेला लागून ठेवलाय, आणि सून फोन घेऊन फिरली तरी ती मांडीखाली काही दडवत नाही. कोट मला द्यायचं मात्र आता नाव काढत नाही, स्वतःच घालते. मी कधी त्या कपाटापाशी जरा जास्त वेळ उभी राहिले की पलंगावरून आवाज येतो.

"शोल्पान, तुझा डोळा आहे त्याच्यावर, कळतं मला. माझ्या जेवणावळीला येशील तेव्हा बघू. तोवर बस वाट बघत."

मी म्हणते, "बसते, आपा. मला काही घाई नाही."